चोर सोडून हवेला फाशी : सातवीच्या वर्गातल्या स्थितिक विद्युतच्या प्रयोगाचं एक प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागातली मराठी माध्यमाची एक शाळा. इयत्ता सातवी, धडा स्थितिक विद्युत, महिना सप्टेंबरचा. विज्ञानाच्या मॅडमनी या धड्यासाठी चार प्रयोग बसवले होते. त्यातले दोन झकास झाले आणि दोन सपशेल फसले. फसण्यात नवल काही नाही. हा धडा ज्यांनी पावसाळ्यात शिकवलाय त्यांना हा अनुभव पाठ आहे आणि त्याचं ठरलेलं कारणही पाठ आहे : ‘हवा दमट आहे, चार्ज टिकत नाही.’ शिक्षकांच्या खोलीत मॅडमना हेच उत्तर मिळालं. त्यांचं समाधान मात्र झालं नाही, कारण जमलेले आणि फसलेले प्रयोग एकाच तासात, एकाच टेबलावर, एकाच पाईपने केलेले होते. हवा दमट असलीच तर ती चारही प्रयोगांना दमट होती.

मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. मॅडमनी सामान जसंच्या तसं ठेवून मला बोलावलं, हे फार बरं झालं. फसलेला प्रयोग लगेच आवरून टाकला की पुढे नुसत्या तर्कांवर भागवावं लागतं.

सामान साधंच होतं. अर्धा इंची पीव्हीसी पाईपचा हातभर तुकडा, प्लंबरकडून मागून आणलेला. घासायला जुन्या घोंगडीचा तुकडा. मॅडमनी आधी टर्किश टॉवेलने घासून पाहिलं होतं (आपल्याकडे टॉवेलाला काय तोटा), पण लोकर सरस ठरली. तसंच व्हायला हवं. पीव्हीसी आणि लोकर एकमेकांवर घासली की लोकरीकडचे इलेक्ट्रॉन पीव्हीसीवर जातात. पाईपवर ऋणप्रभार (निगेटिव्ह चार्ज) येतो आणि घोंगडीवर तेवढाच धनप्रभार. सूत या दोघांच्या मधे कुठंतरी बसतं, म्हणून सुती टॉवेलाकडून पाईपच्या पदरात कमी पडतं.

काय झालं, काय नाही

पहिला प्रयोग कागदाच्या कपट्यांचा. तो झाला, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.

दुसरा कॅनचा. थंड पेयाचा रिकामा अ‍ॅल्युमिनिअमचा कॅन टेबलावर आडवा ठेवला. मॅडमनी पाईप घोंगडीत धरून भराभर ओढला आणि कॅनला समांतर, चार बोटं अंतरावर धरला. क्षणभर काहीच नाही. मग कॅन जागच्या जागी किंचित डुलला, अर्धा वळला आणि पाईपच्या दिशेने घरंगळायला लागला. पाईप मागे मागे नेला तसा कॅन त्याच्या मागोमाग. कडेला पोचायच्या आत पाईप दुसऱ्या बाजूने धरला तर कॅन मंदावला, थांबला आणि उलटा फिरला. वर्गात जो गलका झाला तो शेजारच्या वर्गाच्या सरांनी दारात येऊन थांबवला. ‘कॅन पळायलंय की ओ मॅडम!’ आणि पाठोपाठ निष्कर्ष : ‘त्याला करंट आला.’ हा निष्कर्ष मी जपून ठेवतो, त्याच्याकडे परत यायचंय.

तिसरा प्रयोग फॉईलच्या गोळीचा. पोळ्या गुंडाळायच्या फॉईलची बोराएवढी पोकळ गोळी, सुती दोऱ्याने लाकडी पट्टीला टांगलेली. अपेक्षा अशी की गोळी आधी पाईपकडे ओढली जाईल, पाईपला टेकेल, त्याच्याकडून थोडा ऋणप्रभार घेईल आणि मग दोघांचा प्रभार सारखा झाल्यामुळे झटक्यात दूर उडेल. आकर्षण आणि प्रतिकर्षण एकाच दमात दाखवणारा हा प्रयोग या धड्याचा गाभाच आहे. प्रत्यक्षात गोळी आली, पाईपला चिकटली आणि चिकटूनच राहिली.

चौथा विद्युतदर्शी, म्हणजे वस्तूवर प्रभार आहे की नाही ते दाखवणारं साधन. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात सोन्याची पानं असतात, इथे फॉईलच्या दोन अरुंद पट्ट्या. लोणच्याची काचेची बरणी, तोंडावर पुठ्ठ्याची चकती, चकतीतून आत गेलेली तांब्याची तार, खालच्या आकड्यात पट्ट्या अडकवलेल्या, वरच्या टोकाला फॉईलचा गोळा. पाईप गोळ्याजवळ नेला की पट्ट्या छान फाकायच्या, दूर नेला की मिटायच्या. इथवर बरोबर. पण पाईप गोळ्यावर घासून पुसून प्रभार दिला तरी पाईप बाजूला होताच पट्ट्या पुन्हा मिटायच्या. विद्युतदर्शीने प्रभार धरून ठेवायला हवा. हा धरत नव्हता.

हवेची साक्ष

आधी हवेचा निकाल लावू. सोलापूरचा पाऊस तसा बेताचा, पण त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो, तेव्हा हवेत ओल होती हे खरं. प्रश्न एवढाच की त्या ओलीने केलं काय.

पाईप घासला आणि थर्माकोलच्या दोन तुकड्यांवर, कुठे हात न लावता, ठेवून दिला. मॅडमनी तेवढ्यात हजेरी घेतली. हजेरी संपल्यावर तोच पाईप, पुन्हा न घासता, कपट्यांवर नेला. कपटे उडाले, पहिल्याइतके जोरात नाहीत, पण उडाले. म्हणजे हजेरी होईपर्यंत पाईप चहूबाजूंनी त्याच हवेत होता आणि हवेने त्याचं फारसं काही नेलं नव्हतं. विद्युतदर्शीच्या पट्ट्या मात्र त्याच हवेत डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मिटत होत्या.

दमट हवेतून वीज वाहून जाते ही समजूत आपल्याकडे शिक्षकांतही घट्ट आहे. पाण्याची वाफ म्हणजे सुटे सुटे, विद्युतदृष्ट्या उदासीन रेणू. ते हवेत मिसळले म्हणून हवा तारेसारखी होत नाही. ओलावा आपलं काम करतो तो वस्तूंच्या अंगावर बसून. काच, लाकूड, कागद, सूत यांच्यावर किंवा यांच्या आत पाण्याचा पातळ थर धरतो, त्यात क्षार विरघळतात आणि मग त्या थरातून प्रभार वाट काढतो. पीव्हीसीला पाण्याचं वावडं आहे, म्हणून पाईप वाचला. तेव्हा ओल दोषी आहेच, पण तिचा साथीदार शोधायला हवा, आणि तो टेबलावरच होता.

आधाराची झडती

जमलेल्या आणि फसलेल्या प्रयोगांत फरक काय? कपटे आणि कॅन यांना प्रभार साठवायचाच नव्हता. पाईप जवळ आहे तोवर त्यांच्यातले इलेक्ट्रॉन सरकले की काम झालं. गोळी आणि पट्ट्या यांना मात्र मिळालेला प्रभार धरून ठेवायचा होता, आणि धरून ठेवायचं तर ज्याच्यावर त्या टेकल्या आहेत त्याने तो जाऊ देता कामा नये. गोळी कशावर? सुती दोरा आणि लाकडी पट्टी. तार कशावर? पुठ्ठा.

‘पण हे तर विसंवाहक आहेत,’ मॅडम म्हणाल्या. आणि त्यांनी ते वर्गात दाखवलेलंही होतं. दोन सेल, टॉर्चचा बल्ब, दोन सुटी टोकं. टोकांमधे खिळा धरला तर बल्ब लागतो, पुठ्ठा, लाकूड, दोरा धरला तर लागत नाही. सगळीकडे असंच शिकवतात आणि त्यात चुकीचं काही नाही. मात्र ही चाचणी किती ढोबळ आहे हे कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते या धड्यातली निम्मी फसगत तिथूनच सुरू होते.

आकडे मांडून पाहू. टॉर्चचा बल्ब नीट पेटायला साधारण ०.३ अँपिअर प्रवाह लागतो. समजा पुठ्ठ्याचा रोध १,००० कोटी ओहम आहे. ३ व्होल्टच्या सेलने त्यातून ०.३ नॅनोअँपिअर जाईल, म्हणजे बल्बाला लागतो त्याचा एक अब्जांश. बल्ब मेल्यासारखा राहणार आणि आपण पुठ्ठ्याला विसंवाहकाचं प्रमाणपत्र देणार. आता तोच पुठ्ठा विद्युतदर्शीवर बसवा. एवढ्याशा विद्युतदर्शीची धारिता, म्हणजे प्रभार साठवायची ताकद, १० पिकोफॅरडच्या आसपास धरली तर प्रभार गळायला लागणारा वेळ, म्हणजे रोध गुणिले धारिता, येतो सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्या वेळात निम्म्याहून जास्त प्रभार गळून जातो. पट्ट्या फाकलेल्या दिसायच्या आधीच मिटलेल्या. तारेभोवती पुठ्ठ्याऐवजी मेण असेल आणि रोध १ कोटी कोटी ओहम असेल तर हाच वेळ १,००० सेकंद होतो, म्हणजे सोळा मिनिटांहून जास्त. शाळेचा अर्धा पिरिअड निघून जाईल.

दोन्ही प्रयोगांत पुठ्ठा तोच. बदललं ते एवढंच की एकीकडे न संपणारा सेल आणि भला मोठा प्रवाह, तर दुसरीकडे काही हजार व्होल्ट असले तरी मुळात चिमूटभर प्रभार, तोही पुन्हा न भरणारा. गळक्या माठाचं भोक नळाखाली ठेवल्यावर कळत नाही, एकदाच भरून ठेवला की कळतं. स्थितिक विद्युतमधे प्रत्येक आधाराला विचारायचा प्रश्न ‘तू वाहक की विसंवाहक’ हा नाही, ‘किती वेळ धरशील’ हा आहे.

हे कोडं काही सोलापुरात पहिल्यांदा पडलं नव्हतं. १७२९ साली इंग्लंडमधे केंट परगण्यात स्टीफन ग्रे आणि त्याचा मित्र ग्रॅनव्हिल व्हीलर घासलेल्या काचनळीचा प्रभाव सुतळीवरून किती लांब नेता येतो ते पाहत होते. सुतळी आडवी न्यायची तर मधे मधे टांगायला हवी. त्यांनी रेशमाचा बारीक धागा वापरला आणि प्रयोग जमला. ग्रेचा समज असा की धागा बारीक आहे म्हणून त्यातून फारसं काही निसटत नाही. मग लांबलचक सुतळीच्या भाराने रेशीम तुटलं. त्यांनी तितकीच बारीक पण मजबूत पितळेची तार लावली, आणि टोकाशी काहीच पोचेना. जाडी तीच, तरी सगळं तारेतून निसटलं. जाडीचा संबंध नाही, पदार्थाचा आहे, हे त्या तुटलेल्या धाग्याने शिकवलं. वाहक आणि विसंवाहक हा भेदच मुळात आधार कशाचा घ्यायचा या अडचणीतून पुढे आला. मॅडमनी ही गोष्ट नंतर वर्गात सांगितली, आणि माझ्या मते ती व्याख्येच्या आधीच सांगायला हवी.

मेणाचं बूच आणि तंगूस

दुरुस्ती स्वस्त होती. पुठ्ठ्याच्या चकतीला मधोमध अंगठ्याएवढं भोक पाडलं. खालून चिकटपट्टी लावून भोक तात्पुरतं बंद केलं, तार मधोमध उभी धरली आणि मेणबत्तीचं वितळलेलं मेण त्यात ओतलं. मेण घट्ट झाल्यावर पट्टी सोलली. आता तार पुठ्ठ्याला कुठंही शिवत नाही, तिच्या चहूबाजूंनी मेणाचं कडं. दोन गोष्टी इथे जपाव्या लागतात. मेणावर काजळी नको, कारण काजळी म्हणजे कार्बन, तो वाहक. आणि मेणाच्या पृष्ठभागावर बोटं फिरवायची नाहीत. घाम म्हणजे मिठाचं पाणी, त्याचा एक पुसट ठसासुद्धा प्रभाराला पायवाट करून देतो. बरणी आतून पुसून उन्हात वाळवली होती, ते चांगलंच.

गोळीसाठी सुती दोरा काढून तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, बांधला. मासे धरायच्या गळाचा, हिप्परग्याच्या तळ्यावर बसणाऱ्यांकडे असतो तोच. वर लाकडी पट्टी तशीच राहू दिली, मुद्दाम. दोरा धरत असेल तर पट्टी काही का असेना, हेही दिसायला हवं होतं.

या वेळी पाईप गोळ्यावर घासून काढला तर पट्ट्या फाकल्या आणि फाकलेल्याच राहिल्या. मॅडम फळ्यावर आकृती काढत होत्या तोवर मागच्या बाकावरची दोन पोरं उठून उठून बरणीकडे बघत होती. गोळी पाईपकडे आली, टेकली आणि टण्णकन मागे उडाली. त्यानंतर पाईप जवळ नेला की ती लांब पळायची, आणि घोंगडी जवळ नेली की तिकडे धावायची. ऋण आणि धन हे दोन शब्द मुलांना त्या क्षणी जेवढे कळले तेवढे फळ्यावरून कळले नसते.

इथे घोंगडीबद्दल एक शंका एका मुलीने काढली आणि ती बिनतोड होती. लोकरही पाणी धरते, मग घोंगडी कशी चालते? खरंय. प्रमाणित दमट हवेत सूत आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरतं आणि लोकर त्याच्या जवळपास दुप्पट. पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. पण घोंगडीला प्रभार सांभाळायचा नाही, फक्त पाईपला द्यायचा आहे. तिच्यावरचा धनप्रभार हातातून निघून गेला तरी पाईपचं काही बिघडत नाही. शिवाय पाणी किती धरलं एवढ्यावरच गळती ठरत नाही, त्यात क्षार किती विरघळले यावरही ठरते. म्हणून जास्त पाणी धरूनही लोकर सुतापेक्षा कमी गळते. तरी पावसाळ्यात घोंगडी वापरायच्या आधी उन्हात तापवून घ्यावीच. ओल्या घोंगडीने पाईपचंच अंग ओलं होतं.

कॅनला करंट आला होता का?

आता जपून ठेवलेला निष्कर्ष. कॅन पळाला, म्हणजे त्याला ‘करंट आला’. साठ मुलांच्या वर्गात याला विरोध करणारं कोणी नव्हतं, आणि मोठ्यांच्या वर्गातही फारसं कोणी निघणार नाही.

मी मॅडमना सुचवलं की उत्तर सांगू नका, कॅनलाच विचारा. पाईप लांब ठेवला आणि कॅन हात न लावता, थर्माकोलच्या दोन तुकड्यांत धरून विद्युतदर्शीच्या गोळ्याला टेकवला. पट्ट्या ढिम्म. कॅनवर प्रभार नव्हताच. मग पळाला का?

धातूत इलेक्ट्रॉन मोकळे असतात. ऋण पाईप जवळ आला की कॅनमधले इलेक्ट्रॉन पलीकडच्या अंगाला सरकतात. पाईपकडच्या अंगावर धनप्रभार उघडा पडतो, पलीकडे ऋण जमतो. एकूण बेरीज शून्यच, पण धन बाजू पाईपच्या जवळ आहे आणि ऋण बाजू लांब. विद्युतबल अंतर वाढलं की झपाट्याने कमी होतं, म्हणून जवळचं आकर्षण लांबच्या प्रतिकर्षणावर मात करतं आणि कॅन ओढला जातो. त्यातून टेबल लाकडाचं, म्हणजे आपल्या हिशोबाने गळकं. पलीकडे जमलेले काही इलेक्ट्रॉन त्यातून निघूनही जातात आणि ओढ आणखी वाढते. ज्या गळतीने विद्युतदर्शीचा घात केला ती कॅनच्या पथ्यावर पडत होती.

यातून एक नियम हाती लागतो. आकर्षण दिसलं म्हणून वस्तूवर प्रभार आहे असं म्हणता येत नाही, प्रतिकर्षण दिसलं तरच म्हणता येतं. पाठ्यपुस्तकांत हे वाक्य असतं, मुलं ते पाठही करतात, पण कॅन आणि तंगुसावरची गोळी शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय ते उतरत नाही.

मग कॅनला खरोखर प्रभार द्यायचा तर? कॅन थर्माकोलच्या ठोकळ्यावर ठेवा. घासलेला पाईप जवळ आणा, टेकवू नका. दुसऱ्या हाताचं बोट कॅनच्या पलीकडच्या अंगाला क्षणभर लावा. लांब पळालेल्या इलेक्ट्रॉनांना अंगातून जमिनीकडे वाट मिळते. आधी बोट काढा, मग पाईप. आता कॅन विद्युतदर्शीच्या गोळ्याजवळ न्या, थर्माकोलसकट उचलून, आणि पट्ट्या फाकतील. मुलांनी हे केलं तेव्हा बहुतेकांनी पाईप आधी काढला आणि बोट मागाहून, आणि हाती काही लागलं नाही. क्रम उलटा झाला की गेलेले इलेक्ट्रॉन त्याच वाटेने परत येतात. हा क्रम सांगण्यापेक्षा दोन्ही रीतींनी करायला लावणं बरं.

याच क्रमाचं यंत्र म्हणजे इलेक्ट्रोफोरस. १७६२ साली स्वीडनच्या विल्केने त्याचं तत्त्व दाखवलं आणि १७७५ साली इटलीच्या व्होल्टाने ते सुधारून गावोगाव पोचवलं. आम्ही तो टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलवर केला. वर एक जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमची, थाळी, थाळीच्या मधोमध चिकटवलेला प्लास्टिकचा ग्लास, तीच मूठ. मॅडमच्या मनात आधी लाकडी मूठ होती, पण एव्हाना त्या स्वतःच म्हणाल्या, ‘लाकूड नको.’ थर्माकोल घोंगडीने घासायचा, थाळी ठेवायची, थाळीला बोट लावायचं, बोट काढून ग्लासाला धरून थाळी उचलायची आणि बोटाचं पेर जवळ न्यायचं. चट् आवाज, बारीक ठिणगी. खिडक्या बंद करून थाळीला लाइन टेस्टरचं टोक लावलं तर आतला निऑन एकदा लुकलुकतो. टेस्टरच्या टोपीला बोट लावायला विसरायचं नाही.

हवेत ठिणगी पडायला दर मिलिमीटरला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात, तेव्हा तीन मिलिमीटरची ठिणगी म्हणजे ९,००० व्होल्टच्या घरातली गोष्ट. ऐकून एक मुलगा दोन पावलं मागे सरला. घाबरायचं कारण नाही, कारण वीतभर थाळीवर मावणारा प्रभार फार थोडा, आणि त्याची ऊर्जा एका ज्यूलच्या हजाराव्या भागाइतकी वा त्याहूनही कमी. जपायचं ते दुसऱ्या बाजूने : सॅनिटायझर, स्पिरिट जवळ नको, आणि फॉईल गुंडाळलेल्या मोठ्या बाटल्यांत प्रभार साठवायचे खेळ वर्गात नकोत. तिथे धक्का जोरात बसतो.

थर्माकोल पुन्हा न घासता थाळी ठेवा, बोट लावा, उचला, पुन्हा ठिणगी. परत परत. मुलांना वाटलं फुकटची वीज मिळाली. ती फुकट नाही. थर्माकोलचा ऋणप्रभार थाळीवरच्या धनप्रभाराला ओढून धरतो, आणि त्या ओढीविरुद्ध थाळी उचलताना हात जे काम करतो तेच ठिणगीत निघतं. थर्माकोलचा प्रभार खर्च होत नाही, कारण तो विसंवाहकाच्या पृष्ठभागावर जागच्या जागी अडकलेला असतो आणि थाळी त्याला मोजक्याच ठिकाणी खरी टेकते.

शेवटी फॅरेडेच्या धर्तीवरचा एक प्रयोग स्टीलच्या डब्यावर उरकला. डबा थर्माकोलवर, आत एक फॉईलची पट्टी, बाहेर एक. थाळीवरचा प्रभार डब्याला दिला की बाहेरची पट्टी उचलते, आतली हालत नाही. वाहकाचा प्रभार बाहेरच्या अंगावर जातो. वेळ संपत आली होती, त्यामुळे यावर प्रश्न फारसे झाले नाहीत.

शेडमधून आलेला प्रश्न

वर्गातल्या एका मुलाचे वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात. मुलाने घरी कॅनची हकिगत सांगितली आणि दुसऱ्या दिवशी निरोप घेऊन आला : ‘पप्पा म्हणले, शेडमधे सूत लावलं की काही होत नाही. पॉलिस्टर लावलं की धागे फुगतात, हाताला चिकटतात. पण लूमला तर अर्थिंग आहे. मग चार्ज जातो का नाही?’

चार प्रयोगांमधून जे निघालं त्याहून हा प्रश्न एक पाऊल पुढचा आहे. अर्थिंग लूमच्या लोखंडाला आहे. लोखंडावर कुठंही प्रभार आला की तो सांगाड्याभर पसरतो आणि जमिनीत जातो. पॉलिस्टरच्या धाग्यावर घासून आलेला प्रभार मात्र जिथे आला तिथेच बसतो. धागा लोखंडाला जिथे शिवतो तेवढ्याच बिंदूवरचा जाईल, वीतभर पलीकडचा तिथवर येणारच नाही. वाहकाला जमिनीशी जोडता येतं, विसंवाहकाला जोडायला धरायचं कुठे? सगळे धागे सारख्याच प्रभाराचे, म्हणून ते एकमेकांना ढकलतात आणि फुगतात. सूत आपल्या अंगातल्या पाण्यामुळे प्रभार सांडून टाकतं. शेडमधे हवा ओलसर ठेवतात ती मुख्यतः सुती धागा ओलाव्याने बळकट होतो आणि कमी तुटतो म्हणून, पण हा फायदा त्यासोबत मिळतो. पॉलिस्टरच्या बाबतीत नुसत्या ओलीने भागत नाही. तिथे धाग्यावर आधीच तेलकट लेप चढवलेला असतो, किंवा हवेत आयन, म्हणजे प्रभार असलेले कण, सोडणारी पट्टी धाग्याजवळ बसवतात, म्हणजे विरुद्ध प्रभाराचे आयन धाग्यावर जाऊन बसतात.

मुलगा शेडमधून सुताची आणि पॉलिस्टरची अशी दोन रिळं घेऊन आला होता. दोन्ही धाग्यांना सारख्या गोळ्या बांधल्या. सुतावरची गोळी पहिल्यासारखीच पाईपला चिकटून राहिली. पॉलिस्टरवरची उडाली, पण तंगुसावरच्यासारखी दूर राहिली नाही, थोड्या वेळाने पुन्हा पाईपकडे कलायला लागली. ‘लेप,’ मॅडम म्हणाल्या. तो धागा साबणाने धुऊन, वाळवून पुन्हा टांगायचं काम त्याच मुलाकडे दिलं आहे.